पाच पाती

नव्या रेझरनं माझी हनुवटी कापली तेव्हा मला आधी राग आला, मग दुखलं. रक्त त्याच्याही नंतर आलं. डाव्या बाजूला, हाड वळतं तिथं, फेसातून एक लाल ठिपका वर आला, आधी मोहरीएवढा, मग ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि गुलाबी ओघळ होऊन गळ्याकडे निघाला. दाराबाहेर यशू बसली होती. माझी मुलगी, तीन वर्षांची. दाराखालच्या फटीतून तिची चार बोटं आत आलेली. "आई, काय कलते?" "आंघोळ." तिनं फटीतली बोटं हलवली. मग म्हणाली, "पानी नाई वाजत." तेही बरोबरच. या घरात पाणी वाजतं की नाही यावरसुद्धा लक्ष आहे, आणि तिला ते मीच शिकवलं असणार, कारण मी तिच्यावर असंच कान लावून असते: खोकला, गिळणं, झोपेतला श्वास, आणि आवाजच येत नसला तर सगळ्यात जास्त. मी नळ सोडला. रक्तावर बोट दाबून धरलं आणि दुसऱ्या हातातल्या त्या वस्तूकडे पाहिलं. निळं-काळं रबरी अंग, पिसासारखं हलकं, डोक्यात एकाखाली एक पाच पाती. खोक्यावर एका गोऱ्या माणसाचा जबडा छापलेला, त्याच्यावर आयुष्यात कधी केस उगवला असेल असं वाटत नव्हतं. हा रेझर संघपालनं, माझ्या नवऱ्यानं, रविवारी मोबाईलवरून मागवून आणला, त्याच्या वडिलांसाठी. लुळ्या माणसालाही कापत नाही म्हणे. मला तर कापलं. मी तर धडधाकट आहे.

मामाजींच्या तोंडाला पुन्हा लावायच्या आधी आपण पाहावं, कसा चालतो, कुठं अडतो, असं मी स्वतःला सांगून आत आले होते. ते अर्धं खरं. उरलेलं अर्धं हे की मलाच तो हवा होता. एकवीस दिवस झाले होते. एकवीस दिवस मी तोंडावर ओढणी ओढून गच्चीवर कपडे वाळत घालत होते, शेजारच्या काजलवहिनीशी बोलताना हात गालाला टेकवून उभी राहत होते, जणू कायमच दाढदुखी. दाढदुखी! दाढीदुखी म्हणायला पाहिजे. हसू आलं आणि हसल्यानं काप उघडला.

मलकापूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना पहिला केस आला होता. एकच, काळा, जाड, वळलेला. आईनं चिमट्यानं उपटला आणि डोळ्यात डोळे घालून सांगितलं, "ब्लेड नको लावू कधी. बुवासारखी दाढी येईल." मी त्वचेचा आडवा छेद जर्नलमध्ये काढलेली मुलगी, कापल्यानं केस वाढत नाही हे मला माहीत होतं, परीक्षेत त्याच्या शेजारच्या प्रश्नाला सहा मार्कही मिळाले होते. तरी दहा वर्षं मी आईचं ऐकलं. बघायला आलेल्या पाहुण्यांतल्या एका बाईनं लाडानं माझी हनुवटी धरून खिडकीच्या उजेडाकडे वळवली, आंबा पिकला का पाहतात तशी. त्या घरून नकार आला आणि का आला हे आमच्या घरात कोणी विचारलं नाही. पार्लरमधली छाया चार बायकांच्या डोक्यांवरून मोठ्यानं विचारायची, "ताई, हनुवटी पण करायची ना?" ना! करायची ना! मग यशू झाली, आणि तिच्या दुधाबरोबर हे रान उगवलं. डॉक्टरीणबाई कागदावरून मान वर न करता म्हणाल्या, "हार्मोन्स. होतं असं. वजन उतरवा." होतं असं. मग होतं असं तर सगळे माझ्या तोंडाकडे न बघता का बोलतात?

मामाजींचा रेझर मी पहिल्यांदा उचलला तेव्हा यशू सहा महिन्यांची होती. मामाजी म्हणजे माझे सासरे, इंद्रभान गुरुजी. चाळीस वर्षं पोरं शिकवली आणि पन्नास वर्षं रोज सकाळी सहा वाजता दाढी केली; रविवार नाही, ताप नाही, कोणाची मयत नाही. पाचला उठून जिनिंग कारखान्याच्या रस्त्यानं फिरायला जायचे, पावणेसहाला परत. त्या पाऊण तासात बाथरूम माझं. इनॅमलच्या मगात ब्रश, साबणाची वडी, आणि तो स्टीलचा रेझर. दांड्यावर बारीक चौकटींची नक्षी, बोटाच्या घामानं अर्धी पुसलेली. त्याला वजन होतं. नुसता टेकवायचा, मग तो आपल्या वजनानंच खाली उतरायचा. आपण फक्त अडवायचं नाही. दोन मिनिटांत काम. मग धुवायचा, झटकायचा, ओढणीच्या टोकानं पुसायचा, आणि दांडा डावीकडे करून जसा होता तसा ठेवायचा. अडीच वर्षं. एवढ्या काळजीनं मी प्रॅक्टिकलला सूक्ष्मदर्शक पुसला नव्हता. भीती एकच होती, ब्लेडची. आत्या, म्हणजे सासूबाई, एकदा भाजी निवडताना कुरकुरल्या होत्या, "आमच्या मास्तराले आजकाल ब्लेडं लय लागतात बाप्पा. पह्यले हप्त्याले एक, आता सोमवारी एक, बेस्तरवारी एक. म्हातारपणी दाढी जोरात आली काय?" सोमवार आणि गुरुवार; मी मेथीच्या काड्यांकडे पाहत राहिले. माझ्यामुळे धार जाते. त्यांच्या गालाला ओढ बसत असेल. दुसऱ्या दिवशी मी नुसतं उपटायचं ठरवलं, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा त्यांचा रेझर उचलला. तुरटीचा खडाही तेव्हापासूनच साबणाच्या फळीवर दिसायला लागला, पूर्वी तो त्यांच्या डब्यात असायचा. मला वाटलं, वय झालं, विसरतात.

मग एकवीस दिवसांपूर्वी ते फिरून आले, चप्पल काढायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. अकोल्याला दवाखान्यात नऊ दिवस. परत आणलं तेव्हा उजवा हात पिळायचा राहिलेल्या कपड्यासारखा, तोंड डावीकडे ओढलेलं, बोलणं तुकड्यातुकड्यांत. संघपालनं त्या नऊ दिवसांत घर तयार केलं, हे मी नाकारत नाही. संडासात धरायला दांडा बसवला, घसरू नये म्हणून रबरी चटई घातली, आणि बाथरूम तर दुसऱ्याच दिवशी घासून लख्ख केलं. तो इनॅमलचा मग आणि त्यातलं सामान कचऱ्याच्या डब्यात. "गंजलं होतं ते सारं. धनुर्वात होईन एखाद्याले." घंटागाडीचं गाणं गल्लीच्या टोकाला वाजत होतं. मी यशूला कडेवर घेऊन अनवाणी पळाले. वळणावर पोचले तर गाडी मोठ्या रस्त्याला लागलेली, मागे एक कुत्रं. आत्यांनी फाटकातून विचारलं, "काऊन पळाली वं?" "भाजीवाला वाटला." खोटं किती पटकन सुचतं. स्टीलचा तुकडा तो, पन्नास वर्षांचा. मामाजींनी पहिल्या पगारात खामगावच्या बाजारातून घेतलेला, आणि मी तो कोणाच्या नावानं मागायचा? सुनेनं सासऱ्याचा रेझर मागावा तरी कशासाठी? त्या दिवसापासून माझ्या पोटात राग बसला आहे. त्याला नावच देता येत नाही म्हणून तो कशावरही निघतो, कुकरच्या शिटीवर, यशूच्या सांडलेल्या दुधावर.

मामाजींनी एकदाच विचारलं. "कुठं... माया." माझा कुठं, एवढंच, आणि डाव्या हातानं गालावरून खाली खूण. संघपाल म्हणाला, "बाबा, नवा आणतो ना." मामाजींनी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी ओळखली. माझीच होती.

ते दाढी न करता वंदनेला उभे राहत नाहीत. आंघोळ, दाढी, पांढरा शर्ट, मग पुढच्या खोलीत बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं हात जोडून, मग चहा. या क्रमात कधी बदल नाही. यामागचं कारण ते स्वतः सांगत नाहीत, आत्यांनी मला सांगितलं. गावाकडे होते तेव्हाची गोष्ट. चौथीच्या परीक्षेला जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं म्हणून बापानं त्यांना केस कापायला नेलं. पारावरचा न्हावी पाटलाची दाढी करत होता. मान न वळवता म्हणाला, "माया वस्तरा बाटते, बावा. तुमच्यातच पाहा." तुमच्यातच म्हणजे वस्तीतल्या कडुनिंबाखाली, जिथं माणसं रविवारी एकमेकांच्या डोक्याला कातरी लावायची. शाळेतला मुलगा पायऱ्या पायऱ्यांचं डोकं घेऊन परीक्षेला बसला आणि पहिला आला. तेव्हापासून या माणसाचा गाल दुसऱ्या माणसाच्या हातात गेलेला नाही. केससुद्धा चुलतभाऊ कापायचा. शहरात आता कोणी विचारत नाही, सगळी दुकानं सगळ्यांची, पण मामाजी सलूनच्या पायरीवर कधी चढले नाहीत. तिथं राग होता की नियम, मला सांगता येत नाही. खूप वर्षं जपला की रागाचा नियम होत असेल.

आणि संघपालनं न्हावी घरी बोलावला. त्याला ती गोष्ट माहीत आहे. जयंतीला एकदा भाषणातही सांगितली होती त्यानं, टाळ्या पडल्या होत्या. पण रविवारी नव्या रेझरनं तो स्वतः बापाची दाढी करायला बसला, इतक्या दिवसांचे वाढलेले केस पाच पात्यांत अडकले, त्यानं ओढलं, मामाजींच्या डोळ्यात पाणी आलं, आणि हा घाबरून थेट चौकात जाऊन गुलाबरावांना घेऊन आला. गुलाबराव बिचारे पन्नाशीचे, सालस. हात धुऊन, नवा टॉवेल काढून जवळ गेले. "गुर्जी, माया पोरगा तुमच्याच हाताखाली शिकला. डोळे मिटून बसा, दोन मिन्टाचं काम." त्यांनी वस्तरा उघडल्याचा टक असा आवाज आला. मामाजींचा डावा हात उठला आणि पाण्याची वाटी भिंतीवर गेली. "नाय!" दुखणं आल्यापासून एवढा पूर्ण शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. गुलाबराव गुपचूप सामान भरून गेले, जाताना यशूच्या गालाला हात लावून गेले, आणि त्यांच्या पाठीकडे पाहताना मलाच त्यांच्यापुढे लाज वाटली. त्यांनी काय केलं होतं? काहीच नाही. त्या पारावर त्यांचा आजा असेल, नसेलही. मामाजींनी तोंड भिंतीकडे केलं ते केलंच. चमचा नेला तर ओठ मिटतात. व्यायाम शिकवायला येणारी मयुरी सांगून गेली, "वहिनी, हात अजून परत येऊ शकतो, पण आता या आठवड्यात त्यांनी उठून बसायला पाहिजे. मनात आणलं तरच. नंतर कठीण आहे." आत्या त्यांच्या उशाशी बसून म्हणतात, "ऋषीवानी दिसतात," आणि पदरानं डोळे पुसतात.

मी आज सकाळी संघपालला म्हटलं, तुम्ही पुन्हा करून बघा, आधी कातरीनं बारीक करा. तो पॅन्टला पट्टा लावत होता. "अवं, वाढू दे. लोकं शौकानं ठेवून राह्यले दाढ्या. त्याइले कोण पाह्यते आता?"

कोण पाह्यते आता. हेच वाक्य माझ्या डोक्यात घेऊन मी बाथरूममध्ये आले, आणि त्याच वाक्याच्या जोरावर रेझर दाबला, खालून वर, आणि कापलं. माणसाचं तोंड काय फक्त पाहणाऱ्यासाठी असतं? मग मी पहाटे पाच वाजता कोणासाठी उठत होते? रात्री संघपालचा अंगठा माझ्या गालावरून येतो आणि हनुवटीच्या अलीकडे थांबतो, चार वर्षं. माहीत आहे म्हणून थांबतो की माहीत करून घ्यायचं नाही म्हणून? साबणाच्या फळीवर तुरटीचा खडा अजून होता, तो मी काढला. ओला करून कापावर दाबला. झोंबलं. बरं वाटलं. उजवी बाजू तशीच राहिली होती, तिच्यावरचा फेस सुकून कातडी ओढत होता. मी तो पुसला नाही. मगाऐवजी स्टीलच्या पेल्यात नव्या रेझरबरोबर आलेला ब्रश घेतला आणि दार उघडलं. यशूनं वर पाहिलं. "आई, बाऊ." "हो, बाऊ. चल." वाटेत शिवणाची कातरी उचलली.

मामाजींच्या खोलीत औषधाचा आणि न धुतलेल्या केसांचा वास होता. पाठ माझ्याकडे. मी आजवर त्यांच्याशी डोक्यावर ओढणी घेतल्याशिवाय बोललेले नाही. तसं त्यांनी सांगितलं नव्हतं, कोणीच सांगितलं नव्हतं, पण आमच्याकडं सुना तसंच बोलतात. ओढणी बाथरूममध्येच राहिली होती. "मामाजी, उठा." भिंत. "उठा म्हणते ना!" माझा आवाज मलाच परका वाटला, यशूला दटावते तसला. ते हळूहळू वळले. नजर आधी रेझरवर गेली आणि कठीण झाली. मग माझ्या तोंडावर आली. सुकलेला फेस, तुरटीचा पांढरा डाग, त्यात लाल रेघ. झाकायला हात वर गेला माझा, पण दोन्ही हात भरलेले. ते पाहत राहिले. कोणी इतका वेळ माझ्या हनुवटीकडे सरळ पाहिलं नव्हतं. त्यांचा डावा हात उठला, आता पेला जाणार म्हणून मी तो मागे घेतला, पण बोट माझ्या हनुवटीच्या वीतभर अलीकडे थांबलं.

"उलटा," ते म्हणाले.

"काय?"

"हात... उलटा. नाय." त्यांनी स्वतःच्या गालावरून बोट वरून खाली ओढलं. "असा." मग रेझरकडे खूण. "हल... हलका हाये. दाबू नको."

दोन क्षण मला कळलंच नाही की हा माणूस मला दाढी कशी करायची ते सांगतो आहे, एखाद्या पोराला गणित सांगावं तसं. मग तोंडाकडे रक्त चढलं. "तुम्हाला..." त्यांनी दोन बोटं वर केली. "सोम. बे... बेस्तर." आणि ओढलेल्या तोंडाची चांगली बाजू किंचित हलली. सोमवारी एक, बेस्तरवारी एक. नवं ब्लेड. फळीवरचा तुरटीचा खडा. अडीच वर्षं.

आभार मानावेत असं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला पेला भिंतीवर मारावासा वाटला. अडीच वर्षं मी चोरासारखी तो रेझर पुसून ठेवत होते, दांडा डावीकडे, पाण्याचा थेंब राहू नये म्हणून फुंकत होते, आणि हा माणूस फिरून येऊन तो कोरडा रेझर पाहून सगळं ओळखत होता आणि गुपचूप ब्लेड बदलत होता. एका शब्दानं माझी भीती गेली असती. "मग बोलले काऊन नाही?" मी ओरडलेच. कॉलेजात घासूनपुसून काढलेला काऊन माझ्या तोंडातून असा बाहेर पडला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतही तोच राग होता, जराही कमी नाही.

"तू... बोलली?"

मी पलंगावर बसले. त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं. त्यांनी डावा पाय रोवला, जोर दिला, आणि भिंतीला टेकून बसले. मयुरी सांगत होती ते हेच, पण तेव्हा मला त्याचं भान नव्हतं. "तोंड इकडं करा." आधी कातरी. केस पांढरे, वळलेले, सरकीला चिकटून राहिलेल्या कापसासारखे. ते टॉवेलवर पडत गेले आणि यशू ते वेचत बसली. मग फेस. मग रेझर, वरून खाली, न दाबता, प्रत्येक रेघेनंतर पेल्यात खळबळून. लुळ्या बाजूची कातडी सैल होती, पात्याखाली गोळा व्हायची. अंगठ्यानं ताणून धरल्याशिवाय जमेना. मी अंगठा ठेवला. गाल गरम होता. त्यांनी डोळे मिटले नाहीत, मीही नजर वळवली नाही.

आत्या दारात आल्या. "अवं माय! हे काय करून राह्यली?"

"दाढी."

"कोणाची?"

"आधी यांची."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग मास्तरांच्या. मग बहुतेक त्यांना ब्लेडांचा हिशेब लागला असावा, कारण त्या उंबऱ्यावरच बसल्या. "अन् मी म्हणते म्हातारपणी जोरात आली काय," असं स्वतःशीच पुटपुटल्या. संघपाल एका पायात मोजा घालून आला. बापाचा चेहरा पाहून थांबला. तोंड वाकडंच होतं, पण ते इंद्रभान गुरुजींचं तोंड होतं, खाचा-सुरकुत्यांसकट, उघडं. "शर्ट," मामाजी म्हणाले. "पांढरा." तो एका मोज्यावर पळाला.

मी पेल्यातलं पाणी बदललं, ब्रश ओला केला आणि माझ्या हनुवटीच्या उजव्या बाजूला फेस लावला. खुंटीवरचा त्यांचा गोल आरसा काढून त्यांच्या डाव्या हातात दिला. "धरा." संघपाल शर्ट घेऊन परत आला तेव्हा मी पहिली रेघ ओढत होते. "प्रेरणा! काय करते हे? दार तरी लाव. कोणी पाहीन ना..."

"कोण पाह्यते आता," मी म्हणाले. "तुम्हीच म्हणाले ना? पाहा."

शर्टाची घडी त्याच्या हातात तशीच राहिली. यशूनं पांढऱ्या केसांची मूठ स्वतःच्या हनुवटीला लावली आणि विचारलं, "माजी पन?" मी मान वर केली, कातडी ताणली, वरून खाली. आरशात माझं तोंड कधी यायचं, कधी नुसता पंखा, कधी आत्यांचा पदर. मामाजींचा डावा हात अजून शिकायचा होता.

"नीट धरा," मी म्हणाले.

त्यांनी कोपर गुडघ्याला टेकवलं आणि आरसा स्थिर केला.